मुंग्या आल्या तेव्हा

४ मार्च

प्रिय टेक्निशियन,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि मूग गिळून बसतोस. म्हणून कागद. तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथे कुणी फोडून वाचलंच तर वाचू दे बापडे, दिवसभर अडकलेल्या लिफ्टच्या तक्रारी वाचून तेही विटले असतील.

हात बरा झाला. हे आधी सांगते, कारण तू एवढंच शोधणार. मनगट वर उचलतं, बोटं पसरतात, अंगठ्याच्या मागची बधिर जागाही जागी झाली. डॉक्टर म्हणाले, नस नुसती दबली होती, तुटली नव्हती. बरा व्हायला सव्वातीन महिने गेले. जानेवारीपासून लॅबमध्ये पुन्हा सुई हातात घेतली. तोपर्यंत मला काउंटरवर बसवलं होतं. सतरा वर्षं लोकांचं रक्त काढणारी बाई, आणि काम काय तर डब्या वाटायच्या आणि 'सकाळची पहिली आणा' हे चारचौघांत, कानाने कमी ऐकणाऱ्या आजोबांना ओरडून सांगायचं.

बाबा आहेत तसेच. उजवी बाजू गेली ती गेलीच. आता मला कधी आई समजतात, कधी बँकेतली बाई. बँकेतली बाई असले की जरा अदबीने बोलतात, म्हणून मला तेच दिवस आवडतात. बाकी घरात काय, चाललंय.

एक सांगायचं होतं. मी त्या लोकांकडे जाते. आपल्या शहरात दोर बांधणाऱ्यांचा एक गट आहे, तिथे जाऊन नीट शिकू या, नुसते व्हिडिओ बघून हे करणं बरं नाही, असं तू दोन वर्षं माझ्या मागे लागला होतास ना, तेच लोक. बांधून घ्यायची आवड माझी. लग्नाच्या नवव्या वर्षी मान खाली घालून तुला ती सांगितली मी. आणि शिकायला जायचं म्हटलं की नकोही मीच म्हणायचे. काल ज्याचं रक्त काढलं तोच तिथे समोर येऊन बसला तर काय तोंड दाखवू, हे माझं कारण. आता गेले. डिसेंबरपासून जातेय, एकटी. तू असताना गेले नाही आणि तू गेल्यावर गेले, यावर तुला जे बोलायचं ते बोल. पण बोल.

तुझी बायको (अजून तरी)

१९ मार्च

प्रिय टेक्निशियन,

उत्तर नाही. ठीक आहे, तू गप्प बस, मी लिहिते.

मला वाटायचं तसं तिथे काही नाही. पहिल्या भेटीत तर दोराचा धागासुद्धा दिसला नाही. कॉफीच्या दुकानात दुपारी चार वाजता आठ माणसं बसली होती आणि पार्किंगबद्दल भांडत होती. मला वाटलं, चुकून सोसायटीच्या सभेत आले. निघणारच होते, तर एक पांढऱ्या केसांची बाई म्हणाली, "नवीन ना तू? बस. पहिल्या दिवशी सगळे दाराकडेच बघतात."

ती मास्तरीण. शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त. ती नवऱ्याला बांधते. नवरा कानात मशीन लावतो आणि सगळ्यांना सांगतो, "चाळीस वर्षं हिने बांधूनच ठेवलंय, दोर तेवढा आत्ता आला." दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी मास्तरीण कपाळाला हात लावते.

रविवारी दुपारी नाचाच्या क्लासचा हॉल मिळतो. दोन तास. डे-केअरवाले त्या वेळात बाबांना सांभाळतात. हॉलवर आधी अर्धा तास नुसतं बोलायचं: कुठला सांधा दुखतो, कुठली गोळी चालू आहे, काय नको, थांबवायचा शब्द कुठला. प्रत्येक जोडीपाशी बोथट टोकाची कात्री, हाताशी राहील अशी. मानेभोवती दोर नाही म्हणजे नाही. बांधलेल्या माणसाला सोडून कुणी पाणी प्यायलासुद्धा बाहेर जायचं नाही. वर टांगण्याचं तर वर्षभर नाव काढायचं नाही. तुला आवडलं असतं. तुमच्याकडे दोराची एक तार सुटलेली दिसली की लिफ्ट बंद करता, तसाच खाक्या.

आणि हे खास तुझ्यासाठी: मास्तरीण कुणाला 'ठीक आहेस ना' असं विचारत नाही. ती म्हणते, माझी बोटं दाब. आता मनगट वर उचल, मी खाली रेटते. दर पाच-सात मिनिटांनी. म्हणते, "'ठीक' हा शब्द मी तीस वर्षं वर्गात ऐकला. ज्यांना ओ की ठो कळलेलं नसतं तीच पोरं तो म्हणतात. तोंड काहीही बोलेल, मनगट खोटं बोलत नाही."

मला पहिल्यांदा बांधलं ते फेब्रुवारीत, हात पूर्ण सुधारल्यावर. नुसती दोन मनगटं, मांडीवर, सैल. दंडाला तर ती अजून दोर लावू देत नाही. वीस मिनिटं. मी झोपले. घोरले म्हणे.

नव्या माणसाला आधी काही इजा झाली असेल तर ती सगळ्यांसमोर सांगावी लागते. मीही सांगितली. थोडक्यात.

तुझी बायको

२ एप्रिल

टेक्निशियन,

आज सकाळी मास्तरीण लॅबमध्ये आली, साखर तपासायला. मी दंडाला पट्टा बांधला, मूठ वळायला सांगितली, आणि ती खाली बघतच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याबद्दल विचारणा आली आहे."

या गटांची एक पद्धत आहे. नवीन माणूस आला आणि तो पूर्वी दुसरीकडे राहत असला, तर तिथल्या गटाला फोन जातो: हा कसा आहे, घ्यावा का? तू बदलीच्या शहरात तिकडच्या गटात गेलास, हे मला तिच्याकडून कळलं. मी सहा महिने समजत होते, तू दोराचं नावही काढत नसशील. जायच्या दिवशी सगळे दोर तूच तर कापलेस, वीतवीतभर तुकडे केलेस. आणि तू तिथे जाऊन काय सांगितलंस? माझ्या हातून बायकोला इजा झाली, कशी झाली ते मला कळत नाही, मला शिकायचं आहे, पण आधी तिकडे विचारा आणि मगच घ्या. हे तूच बोलू शकतोस. दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता.

मास्तरीण म्हणाली, "तू आम्हाला जे सांगितलंस तेच मी त्यांना सांगितलं तर त्याला कुणी घेणार नाही. इथेही नाही, आणखी कुठेही नाही. फोन पुढे पुढे जातात. म्हणून विचारते. तेच सांगू ना?"

मी सुईचं टोपण काढलं. ती म्हणाली, "अगं, पट्टा." तिचा हात निळसर झाला होता. मी सुई हातात धरून उभी होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी पट्टा विसरले.

तिला म्हटलं, रविवारपर्यंत सांगते.

आता मी काय सांगितलं होतं ते ऐक. हॉलवर पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं की नवऱ्याने दंडाला बांधलं होतं, हात गेला. मग एकाने विचारलं, तुला मुंग्या आल्या तेव्हा तू त्याला सांगितलं होतंस का? मी मान हलवली. हो अशी. शब्द एकही नाही, नुसती मान. पण तिथे याहून मोठा आरोप नाही: बांधलेली बाई सांगत होती आणि याने सोडलं नाही. एक जण नव्या लोकांना ही गोष्ट धडा म्हणून सांगतो. तुझं नाव न घेता. तीन महिने सांगतोय आणि मी शेजारी बसून ऐकतेय.

बाकीचं उद्या लिहिते. बाबांनी तिसऱ्यांदा हाक मारली.

३ एप्रिल

टेक्निशियन,

रजा टाकून बसलेय. आज हे पुरं लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

त्या दिवशी बाबांना डे-केअरची गाडी पाच वाजता आणणार होती. तू चार वाजता बांधायला घेतलंस. हात पाठीमागे, दंडावर दोन वेढे, कोपराच्या वर. तू दोन बोटं आत घालून पाहिलीस. तीनदा विचारलंस, "ठीक?" तीनदा मी "हं" म्हटलं. पहिली दोन खरी होती.

चार चाळीसला मुंग्या आल्या. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं, म्हणून वेळ पक्की माहीत आहे. आधी अंगठ्यात, मग हाताच्या मागच्या बाजूला. मी अंगठा उचलून पाहिला, तो उचलेना. मला कुठली नस ते माहीत होतं. दिवसाला साठ दंडांना पट्टा बांधते मी आणि साठ वेळा विचारते, मुंग्या येताहेत का. त्यानंतर तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि मी "हं" म्हणाले.

चार पंचावन्नला तू सोडलंस. माझा हात मनगटातून लोंबत होता. तुझा चेहरा असा पडला की मला बघवेना. तू म्हणालास, "कळलं कसं नाही तुला?" आणि मी म्हणाले, "अचानकच झालं." तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि तू बाबांना आणायला गेलास. तिथे विषय संपला तो संपलाच.

मग वहिनी आली राहायला, कारण घरात तीन माणसं आणि त्यातल्या दोघांचे उजवे हात कामातून गेलेले. मला आंघोळ घालताना तिने दंडावरचे वळ पाहिले. विचारलं, "त्याने मारलं का?" मी म्हटलं, "नाही गं." पण कसं म्हटलं ते मला ठाऊक आहे. मार खाल्लेल्या बायका म्हणतात तसं. तिने दादाला सांगितलं. दादा घरी आला, तुला कामावर फोन लावला आणि स्पीकरवर जे सुनावलं ते मी दाराआडून ऐकत होते. बायकोवर हात उचलतोस, लाज नाही वाटत. तू एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस. उत्तर द्यायचं तर माझी आवड माझ्या थोरल्या भावाला सांगावी लागली असती. तू मला झाकलंस, आणि मी तुला उघड्यावर टाकलं. आठ दिवसांनी तू बदली मागून गेलास. जाताना म्हणालास, "माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही."

तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही. दंडावर तेवढा वेळ बांधायचं नसतं, नुसतं विचारायचं नसतं, मनगट तपासायचं असतं, हे तुला माहीत नव्हतं. पण ते ज्यांना माहीत होतं त्यांच्याकडे जायला मीच अडवलं होतं. आणि एवढं सगळं असूनही मी एक शब्द बोलले असते तर तू पाच सेकंदात सोडलं असतंस. यात मला तिळभरही शंका नाही.

१६ एप्रिल

प्रिय टेक्निशियन,

दोन्हीकडे सांगून झालं.

गटात रविवारी सांगितलं, हॉलवर, चपला काढायच्या आधीच. नाहीतर आत गेल्यावर धीर सुटला असता. सगळे ऐकत उभे राहिले. जो माझी गोष्ट नव्यांना सांगायचा, तो खाली बघत म्हणाला, "अकरा जणांना सांगितली मी." त्याला कसं तोंड देणार. मी नुसतं "हो" म्हटलं.

मास्तरीण चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बांधून घेणाऱ्याचंही काम असतं. अंगाला काय होतंय ते सांगायचं, वेळेवर सांगायचं. बांधणारा निम्मं बघतो, उरलेलं निम्मं फक्त तुला दिसतं. ते तू लपवलंस, आणि नंतर आमच्याशीही खोटं बोललीस." ऑक्टोबरपर्यंत मला कुणी बांधायचं नाही असं ठरलं. यायचं, बसायचं, दुसऱ्यांची मनगटं तपासायची. मी कबूल केलं. मग तिने सगळ्यांसमोर फोन लावला तिकडे आणि सांगितलं की हा माणूस घेण्यासारखा आहे, आमच्याकडून चुकीची माहिती गेली असती. तिचा नवरा माझ्यासाठी पाणी घेऊन आला. त्याने तो विनोद केला नाही.

दादाला सांगायला त्याच्या घरी गेले. मला वाटलं होतं, गट अवघड जाईल. दादापुढे तर बोबडीच वळली. तीन वेळा सुरुवात केली. शेवटी म्हटलं, "त्याने मारलं नव्हतं. मला बांधून घ्यायला आवडतं. मीच सांगते बांधायला. दोराने."

दादा टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता. मग म्हणाला, "दोर म्हणजे... दोरच?"

"हो दादा. दोरच."

आतून वहिनीचा आवाज आला, "मला तेव्हाच वाटलं होतं, वळ इतके सरळ कसे काय." मग भांडी आपटल्याचा आवाज झाला आणि ती बाहेर काही आली नाही.

दादा उठला, खिडकीपाशी गेला. म्हणाला, "मी त्याला फार वाईट बोललो गं." मी म्हटलं, "मी ऐकत होते." यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना, ते पुन्हा बघायची वेळ येऊ नये. मला म्हणाला, तुझ्या आवडीनिवडी तुझ्या, मला त्या ऐकवू नकोस, पण ते ऐकत असताना तू दाराआड गप्प कशी राहिलीस? तो तुला फोन करेल. उचल. त्याचा उचल तरी.

५ मे

प्रिय टेक्निशियन,

तुझं पत्र आलं. चार ओळी. चारदा वाचल्या.

तुला घेतलं तिकडे, वाचून जीव भांड्यात पडला. दादाचा फोन उचललास आणि दोघंही बराच वेळ क्रिकेटवर बोललात, हे तो मला आधीच सांगून गेला होता. माफी मागितली की नाही ते दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

आणि खाली तू विचारलं आहेस: मुंग्या आल्या तेव्हा का बोलली नाहीस?

मास्तरणीने विचारलं नाही, दादाने विचारलं ते दाराआडचं, हे विचारणारा तूच. मी तुला लिहिणार होते की तुझा हिरमोड करायचा नव्हता म्हणून. कागदावर लिहिलंही होतं. ते फाडलं, कारण खोटं आहे.

मी पाचला उठते. सहा ते दोन लोकांचे दंड. मग बाबा. त्यांचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, दर दहा मिनिटांनी हाक. रात्री तू विचारायचास जेवलीस का, आणि तेसुद्धा मला वाटायचं, आता यालाही उत्तर द्या. बांधलेली असले की मला कुणी काही मागू शकत नव्हतं. मागितलं तरी देता आलं नसतं, आणि तो माझा दोष नसता. आठवड्यातला तेवढाच एक तास.

त्या दिवशी चार चाळीसला मला कळत होतं की बोलले तर तू आत्ता सोडणार. पाचला गाडी येणार, बाबा येणार, भाजी चिरायची, चादर बदलायची. हात जातोय हेही कळत होतं. मी मनात म्हटलं, गेला तर जाऊ दे. अजून पंधरा मिनिटं पडू दे मला.

याहून वाईट एक आहे, तेही सांगून टाकते. तू सोडलंस आणि हात लोंबला, तेव्हा तू घाबरून पांढरा पडला होतास. मी घाबरले नव्हते. मला वाटलं, बरं झालं, आता काही दिवस मला कुणी काही करायला सांगणार नाही. तुझ्या डोळ्यांदेखत हे मनात आलं आणि मग तुझ्याकडे बघायची लाज वाटली. पुढचं सगळं खोटं त्या लाजेपायी झालं.

बाबांना दादा नेतोय, पुढच्या महिन्यापासून तीन महिने. मी मागितलं. तो लगेच हो म्हणाला, जणू इतकी वर्षं मी विचारायचीच वाट बघत होता. मला रागच आला त्याचा.

तुला यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर तसं लिही, मी सोसेन. पण 'बघू' असं लिहू नकोस.

मी थकले आहे रे. इतकंच होतं ते. सतरा वर्षांत कुणाला म्हटलं नाही, तुलासुद्धा नाही, आणि त्यापेक्षा हात देणं मला सोपं वाटलं.